पहिल्या नावाचा मान

आमच्या इंदापूर तालुक्यात लग्नपत्रिकेतल्या नावांचा एक क्रम ठरलेला असतो. वर देव, मग कुलदैवत, मग हयात नसलेले आजोबा, मग वयाप्रमाणे चुलते, मग मामा, मग वगळले तर रुसून बसतील असे लांबचे पाहुणे. ज्यानं महिनाभर पायाला भिंगरी लावून कार्य तडीस नेलं तो धाकटा भाऊ अगदी शेवटी, 'आणि समस्त परिवार' यात कुठेतरी. त्याला त्याचं काही वाटत नाही. मांडव कुणी घातला, आचारी कुणी ठरवला, पाण्याचा टँकर कुणी आणला, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पत्रिकेतली नावं मानासाठी असतात, माहितीसाठी नसतात.

मी माझा पहिला शोधनिबंध याच रीतीनं छापायला पाठवला. एमएस्सी झालेली, बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई, आणि अक्कल पत्रिकेपुरती. हे मी हसत लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर तसं नाही. अजूनही आठवलं की कानशिलं तापतात. मी मुळातच तापट आहे, पण या एका बाबतीत तापटपणा वेळेवर कामाला आला नाही.

नव्वद साल उलटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळं कॉलेज नुसतं 'सर' म्हणायचं, ते बारामतीजवळच्याच एका वाडीचे. वर्गात पुस्तकी बोलायचे आणि माया आली की गावाकडचं. मला नोकरी लागली ती त्यांच्यामुळे. मुलाखतीनंतर कमिटीतलं कुणीतरी म्हणालं होतं, मेंढ्या हाकणाऱ्याची पोर कॉलेजात काय शिकवणार? तेव्हा सर म्हणे ताडकन उठले आणि म्हणाले, "मग मी जातो, तुम्हीच शिकवा." हे मला ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं. सरांनी स्वतः कधी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच ते माझ्या मनात एवढे उंच गेले होते.

पुढेही त्यांनी मला जपलं. माझी प्रात्यक्षिकं शुक्रवारपर्यंत संपतील असं वेळापत्रक लावलं, म्हणजे शनिवारी मला गावाकडे जाता यावं. दिवस राहिले तेव्हा माझे सगळे तास तळमजल्यावर घेतले. मी त्यांना बापाच्या ठिकाणी मानत होते असं लिहिलं तर ते खोटं नाही, आणि आज ते लिहिताना हात आखडतो हेही खोटं नाही.

खरा बाप, म्हणजे माझे आबा, इंदापूरच्या अलीकडे कालव्याखालच्या गावात ऊस करायचे. तरुणपणी ते कळपामागे फिरलेले. माझ्या जन्माआधी मेंढरं विकून टाकली, पण नजर मेंढपाळाचीच राहिली. एका शनिवारी आम्ही दोघं बांधावरून चाललो होतो. शेजारच्याचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार. आबा थांबले आणि म्हणाले, "ह्ये रान दोन सालात बसनार."

मी म्हटलं, "कशावरून? ऊस तर बघा कसा आलाय."

"उसाकडं नगं बघू. सऱ्यांत खाली बघ. ह्ये गवात आलंय न्हवं? मेंढरं ह्ये लई आवडीनं खात्यात, खारट लागतं म्हणून. पांढरं फुटायच्या आदी दोन साल ह्येच येतं."

आमच्याकडे कालव्याच्या पाण्यानं जमिनी बिघडतात. वर मिठासारखं पांढरं फुटलं की शेतकऱ्याला कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. पांढरं दिसायच्या दोन वर्षं आधी सांगणारं गवत आपल्या पायाखाली आहे, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. मी वाकून ते उपटलं, मुळं झटकली आणि पिशवीत टाकलं. आबा हसायला लागले. म्हणाले, "कालेजात लावती का काय?"

त्या मूठभर गवतामागे माझी तीन वर्षं गेली. कालव्याच्या दोन्ही अंगांची चाळीसेक वावरं मी धरली. काही गवत आलेली, काही न आलेली, काही पांढरी झालेली. दर महिन्याला वीतभर खालची आणि हातभर खालची माती काढायची, पिशवीत भरून चिठ्ठी बांधायची, एसटीनं बारामतीला आणायची. कंडक्टर विचारायचा, "बाई, माती विकता व्हय?" घराच्या गच्चीवर वर्तमानपत्रं पसरून ती वाळवायची, खलबत्त्यात कुटायची, चाळायची, आणि रसायनशास्त्र विभाग देईल त्या वेळी ती पाण्यात कालवून त्यांच्या मीटरवर क्षार मोजायचे. नवरा शाळेत शिक्षक, स्वभावानं शांत. एकदाच म्हणाला, "खलबत्त्यात लसूण कुटला तर कचकच लागते." मी दुसरा खलबत्ता आणला.

आणि आबांचं म्हणणं खरं निघालं. गवत आलेल्या रानांत वरची माती चांगली होती, पण हातभर खाली क्षार चढत चालले होते. दोन वर्षांनी त्यातली बहुतेक रानं पांढरी झाली. मी वहीतले आकडे आलेखावर मांडले तेव्हा रेघ अशी सरळ वर गेली की मी एकटीच प्रयोगशाळेत टाळी वाजवली.

निबंध लिहिला, आणि सरांकडे गेले. म्हटलं, "सर, पहिलं नाव तुमचं घालते."

ते म्हणाले, "छे छे, काम तुझं हाय."

आमच्यात मान दिला की घेणाऱ्यानं दोनदा नको म्हणायचं असतं. फेटा बांधायला कुणी आलं की माणूस डोकं मागे घेतो, पुन्हा घेतो, आणि तिसऱ्यांदा पुढे करतो. मला ही रीत ठाऊक होती. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "न्हाय गं पोरी, मी कुठं रानात आलोय." मी तिसऱ्यांदा म्हटलं, "सर, तुमच्याशिवाय मला शनिवार मिळाला असता का?" ते हसले आणि म्हणाले, "बरं बाई, तुझ्या मनात असंल तर." मला फार बरं वाटलं. आपण घरचं वळण राखलं असं वाटलं.

एसटी स्टँडजवळ एक टायपिस्ट होता. इंग्रजी टाइप करायचा आणि फावल्या वेळात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून द्यायचा. त्यानं कागद चढवला आणि विचारलं, "नावं कशी घालू, मानानं का कामानं?"

मी म्हटलं, "मानानं."

पहिलं सरांचं, दुसरं प्राचार्यांचं, कारण त्यांनी मीटर वापरायला परवानगी दिली होती, आणि तिसरं माझं. आबांचं नाव घालायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. शेवटी आभारात मी लिहिलं, 'स्थानिक मेंढपाळांचे सहकार्य लाभले.' आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही तरी काय वेगळं केलंत? म्हणू दे. ते बोट माझ्याकडे वळतं हे मला ठाऊक आहे. आबांना मी पुढे विचारलंही. ते म्हणाले, "माझं नाव कशाला? गवात काय मी लावलं?" पण मी विचारायला हवं होतं ते छापण्याआधी.

निबंध परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. सहा-सात महिन्यांनी कार्डं यायला लागली. तेव्हा इंटरनेट आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. ज्याला निबंधाची प्रत हवी असेल तो लेखकाला छापील कार्ड धाडायचा. इजिप्त, ऑस्ट्रेलिया, इराण, अशी कुठून कुठून कार्डं आमच्या स्टाफरूमच्या टेबलावर येऊन पडायची. वर नाव सरांचं. पहिल्या वेळी सर कार्ड हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "घे, तुझं पत्र आलंय." पाकीट आणणं, प्रत घालणं, पोस्टात तोलून तिकिटं लावणं, सगळं मीच करायचे आणि आनंदानं करायचे. सरांची सही तेवढी घ्यायची. पुढे पुढे कार्डं थेट त्यांच्या खणात जायला लागली. ते माझ्याकडे यायचे ते 'एवढं पाठवून द्या बाई' म्हणत. 'तुझं पत्र' हे शब्द कधी बंद झाले ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तरी मी काही बोलले नसते, कारण पत्रावर नाव त्यांचंच होतं.

दुसरा निबंध त्याच क्रमानं गेला. एकदा दिलेला मान पुढच्या वेळी काढून कसा घ्यायचा? तिसऱ्या निबंधाच्या वेळी मात्र मी धीर केला. तो पळसदेवच्या बाजूच्या गाळपेराचा. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं, जुनं देऊळ उघडं पडतं, आणि मोकळ्या झालेल्या गाळात लोक पेरतात. तिथंही ते गवत येतं का, हे मी पाहिलं होतं. मसुद्यावर मी माझं नाव वर लिहिलं आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो वाचला आणि घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यानंतर तीन दिवस त्यांनी विभागात चहा घेतला नाही. आमच्या विभागात अकरा वाजता एकत्र चहा व्हायचा, आणि सरांचा झाकून ठेवलेला कप तिन्ही दिवस गार झाला. चौथ्या दिवशी मी नावं पहिल्यासारखी केली. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला आणि वर माझ्या मुलीची चौकशीही केली.

मग प्रपाठकाची एक जागा निघाली. मला ती हवी होती, आणि हवी होती असं मी तेव्हाही उघड म्हणत होते. पगारासाठी म्हणाल तर थोडी त्यासाठीही. पण प्रपाठक झालं की पीएचडीचे विद्यार्थी घ्यायची मान्यता मिळायची वाट मोकळी होणार होती, आणि एक खोली प्रयोगशाळेसाठी मिळणार होती. चाळीस वावरांचं काम एकट्या बाईला जमलं. मला कालव्यापासून थेट नरसिंहपूरच्या संगमापर्यंतची सगळी पट्टी तपासायची होती. ज्याच्या सरीत गवत दिसेल त्याच्या दारात जाऊन सांगायचं होतं की बाबा, आत्ताच पाणी आवर, चर काढ, दोन वर्षं हातात आहेत. चार विद्यार्थी आणि एक मीटर, एवढंच लागत होतं.

मुलाखत प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. प्राचार्य, सर, आणि पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ. तज्ज्ञ किडकिडीत, चष्मा नाकावर, आणि बरोबर झेरॉक्सचा गठ्ठा. आमच्याकडच्या मुलाखतींत तोवर सायटेशन हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. किती निबंध छापले ते मोजायचे आणि मोकळे व्हायचे. या गृहस्थांनी मात्र पुण्याच्या ग्रंथालयातून पानं काढून आणली होती. जगात कुणी कुणाच्या निबंधाचा हवाला दिला याच्या जाडजूड सूची निघायच्या, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या सूचीत निबंधाला लेखक तीन असोत की तेरा, नोंद फक्त पहिल्या नावाखाली. हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

ते म्हणाले, "तुमच्या नावाखाली मला एकही सायटेशन सापडलं नाही."

मी म्हटलं, "क्षारपड जमिनीच्या गवतावरचे तीन निबंध आहेत. अर्जात लावलेत."

"ते पाहिले. उत्तम काम आहे. मृदाशास्त्रवाल्यांनी घेतलंय, पाटबंधाऱ्यांवर लिहिणाऱ्यांनी घेतलंय, मेंढ्यांच्या आजारांवरच्या एका निबंधातसुद्धा हवाला आहे. एका कॉलेजातून असं काम क्वचित होतं." मग त्यांनी सरांकडे आदरानं पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. "पण हे तर तुमच्या विभागप्रमुखांचं काम. यात तुमचा वाटा काय?"

इथं मी दुसरी चूक केली, आणि तीही वळणाचीच. वडीलधाऱ्यांसमोर आपल्या तोंडानं आपलं सांगायचं नाही, हे आईनं भाकरीबरोबर भरवलेलं. शिवाय समोर बसलेला माणूस माझ्यासाठी एकदा भर कमिटीत उठून उभा राहिला होता. मला खात्री होती. मी म्हटलं, "सर सांगतील."

सर टेबलावरच्या काचेकडे बघत होते. काचेखाली कॅलेंडरचं पान होतं. मला वाटलं, ते शब्द जुळवताहेत. मग त्यांनी मान वर केली आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, "बाईंनी फार मदत केली. नमुने गोळा करायला त्याच जायच्या. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही."

तज्ज्ञ म्हणाले, "म्हणजे फील्डवर्क," आणि कागदावर तेवढं लिहिलं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, "एनएसएसचं शिबिर घेता का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बाहेर आल्यावर शिपायानं पाणी दिलं, ते मी प्यायले आणि चार वाजताचा तासही घेतला. वनस्पतींचं वर्गीकरण शिकवलं. ही मी, जिनं भाजीवाल्याशी वजनावरून भांडण काढावं, कंडक्टरला चार शब्द सुनवावेत, ती त्या खोलीतून गाय बनून बाहेर आले. राग आला तो घरी पोचल्यावर. नवरा म्हणाला, "लिहून दे. तुझ्या वह्या आहेत, तारखा आहेत, तुझं अक्षर आहे." बरोबर होतं त्याचं. पण मी लिहून काय देणार होते? माझ्याच हातानं टाइप करून घेतलेला क्रम चुकीचा आहे म्हणून? जगानं निबंध वाचला तो गावानं पत्रिका वाचावी तसा वाचला नाही. छापलेलं नाव त्यानं खरं मानलं, कारण त्याला मांडव कुणी घातला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला माणूस त्या खोलीत एकच होता.

जागा सोलापूरच्या बाजूच्या एका उमेदवाराला मिळाली. माणूस चांगला होता. ती खोली त्यानं शेवाळाच्या अभ्यासासाठी घेतली. माझ्या वह्या मी घरच्या कपाटात ठेवल्या आणि त्यानंतर गवतावर एक ओळ छापली नाही. नरसिंहपूरकडची पट्टी तशीच राहिली. शनिवारी मी गावाकडे जायचे, बांधावरून चालताना सऱ्यांत ते गवत दिसायचं, ओळखीच्या माणसाला सांगायचे. बिनओळखीच्या दारात कुठल्या नात्यानं जाणार?

सरांशी मी बोलणं तोडलं नाही. त्याच विभागात, त्याच अकराच्या चहाला बसायचं होतं. शिवाय हळूहळू मी स्वतःची एक समजूत काढली होती. सर तेव्हा परिसंवादांना जायचे, तिथं 'आमचं ते गवताचं काम' म्हणून सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटायला लागलं की म्हाताऱ्याला आता ते खरंच आपलं वाटत असणार. माणूस एकच गोष्ट दहा ठिकाणी सांगतो आणि अकराव्या ठिकाणी ती त्याला घडलेली आठवते. त्या दिवशी केबिनमध्येही तसंच झालं असेल. खोटं बोलायचं म्हणून ते बोलले नसतील, त्यांना तसंच दिसत असेल. या समजुतीवर मी दोन वर्षं काढली. रोज त्याच कपबश्यांत चहा प्यायचा तर माणसाला असं काहीतरी लागतं.

मग सरांची निवृत्ती आली. गौरव अंक काढायचं ठरलं, आणि प्राचार्यांनी सरांच्या निबंधांची यादी करायचं काम माझ्यावर टाकलं. म्हणाले, "तुम्हालाच सगळं माहीत." यादीत प्रत्येक निबंधाचा चार ओळींचा सारांश आणि कुणी कुणी हवाला दिला तेही हवं होतं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही, कारण मला ते आकडे स्वतः पाहायचे होते.

पुण्याच्या ग्रंथालयात मी दोन दिवस त्या सूची चाळल्या. बोटानं ओळ धरून खाली जायचं, सरांचं नाव आलं की थांबायचं. आणि तिथं, त्यांच्या नावाखाली, माझं सगळं काम होतं. कालव्यांवर लिहिणारे होते, मातीवाले होते, मासे आणि गाळ यांच्यावर लिहिणारा एक जण होता, चाऱ्यावर काम करणारे होते. एकमेकांना न ओळखणारी इतक्या वेगळ्या विषयांतली माणसं आबांच्या गवताबद्दल बोलत होती. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. समोरच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय."

रविवारी सकाळी यादी घेऊन मी सरांच्या घरी गेले. ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचत गेले. पळसदेवच्या निबंधाशी थांबले.

"हितं चुकलंय," ते म्हणाले. "नमुने एप्रिलात घेतले लिवलंयस. मे हुता."

मी म्हटलं, "एप्रिलच असेल, सर."

"न्हाय गं. मे. ऊन लागून आली हुतीस तू, दोन सलाइनी लावाया लागल्या. आन् देवळाखालच्या गाळाची पिशवी एसटीत फुटली, म्हणून बरी झाल्यावर एकटी परत गेलीस. मी म्हनलं हुतं, एक पिशवी नसली तर काय बिघडतंय, तर तू म्हनलीस, तीच महत्त्वाची हाय. आन् तीच निघाली महत्त्वाची." त्यांनी एप्रिल खोडून मे केलं. अक्षर सुरेख होतं त्यांचं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. म्हटलं, "सर, तुम्हाला हे सगळं आठवतं?"

"न आठवाया काय झालं? तुझं काम हाय. माझ्या डोळ्यांदेखत केलंयस."

तुझं काम. किती सहज म्हणाले. ओसरीवर आम्ही दोघंच होतो.

"मग त्या दिवशी कमिटीत का नाही म्हणालात?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "पोरी, पयलं नाव तूच दिलंस. मी दोनदा न्हाय म्हनलो हुतो. येकदा बांधून घेतलेला फेटा भर मांडवात काढून परत देत्यात व्हय कुनी? माझी काय राहिली असती? तुला तर आपल्यातली रीत कळती."

मी म्हटलं, "फेटा दिला होता, सर. डोकं नव्हतं दिलं."

ते आत बघून मोठ्यानं म्हणाले, "अहो, चहा टाका, बाई निघाल्यात." पोरीची बाई झाले.

मी यादी उचलली आणि चहा न घेता उठले. चहा न घेता मी त्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडत होते. यादी मी प्राचार्यांना दिली, मे महिन्याची दुरुस्ती करून, कारण ती दुरुस्ती बरोबर होती. गौरव अंक निघाला. समारंभाला मी गेले नाही, आणि सर वारले तेव्हाही गेले नाही. लोक म्हणाले, एवढं काय, एका नावासाठी? म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो, सोडून द्यावं.

विसर पडला असता तर मी सोडूनच दिलं होतं. त्यांना विसर पडला नव्हता. त्यांना मे आठवत होता, फुटलेली पिशवी आठवत होती, माझ्या सलाइनी आठवत होत्या. त्या दिवशी टेबलावरच्या काचेकडे बघत ते गप्प बसले होते तेव्हाही हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे असणार, आणि ते तसं असतानाच त्यांनी 'मदत' हा शब्द निवडला.